तो स्वतःची माणसं घेऊन गेला, आता मी गेले तर मी पण तशीच का?

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

"ताई, नाव छापू नका. २०१९ मध्ये बाणेरच्या एका स्टार्टअपला सहावी एम्प्लॉयी म्हणून लागले. बँका आणि इन्शुरन्सवाल्यांची कागदपत्रं वाचणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. २०२० मध्ये सगळ्यांचा पगार ३० टक्के कापला, मी हूं की चूं केलं नाही. २०२१-२२ मध्ये दोन ऑफर आल्या, एक तर डबल पॅकेजची, दोन्ही सोडल्या, कारण आमचा फाउंडर म्हणायचा आपण फॅमिली आहोत, एग्झिट झाला, म्हणजे कंपनी विकली गेली, की तुझं घराचं लोन एका दिवसात फिटेल. गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी कॉल लागला. एका अमेरिकन कंपनीने आमच्या टेक्नॉलॉजीचं लायसन्स घेतलंय आणि फाउंडर, को-फाउंडर आणि चार एमएल (मशीन लर्निंग) इंजिनिअर तिकडे चाललेत. कंपनी विकलेली नाही म्हणे, कंपनी इथेच आहे, म्हणजे आम्ही ३८ जण आणि कॉफी मशीन. सेल्स हेड आता सीईओ. तो म्हणतो तू गेलीस तर सगळं बसेल, सहा महिने थांब, मग तुझं बघू. माझ्याकडे खराडीच्या एका जीसीसीची, म्हणजे परदेशी कंपनीच्या इथल्या ऑफिसची, ऑफर आहे, ४० टक्के हाइक. बाबा टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) ३५ वर्षं होते, ते म्हणतात ज्याचं मीठ खाल्लं त्याला अडचणीत सोडू नये. आणि माझ्या हाताखाली तीन ज्युनिअर आहेत, मीच रेफर करून आणलेले. मी गेले तर मी पण त्याच्यासारखीच ना? फाउंडरचा व्हॉट्सअॅपला मेसेज आलाय, 'सॉरी यार, एकदा बोलू', त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. मी मूर्ख होते का? — बाणेरची सहावी"

अगं सहावी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुला झोप लागत नाहीये ती त्या ज्युनिअर पोरांमुळे, फाउंडरमुळे नाही. ते मी शेवटी घेते. आधी पैशाचं बोलू, कारण पैशाचं बोलायला तुम्हा लोकांना लाज वाटते आणि त्या लाजेवर अख्ख्या कंपन्या चालतात.

मूर्ख नव्हतीस. तुझ्यासोबत जे झालं ते एकट्या बाणेरमध्ये झालेलं नाही, २०२४ पासून ही पद्धतच पडलीय. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इन्फ्लेक्शन या एआय कंपनीचे को-फाउंडर मुस्तफा सुलेमान आणि बहुतेक सगळी टीम उचलली, कंपनी मागे राहिली. ऑगस्टमध्ये गुगलने कॅरेक्टर एआयचे दोन्ही फाउंडर परत नेले, वर टेक्नॉलॉजीचं लायसन्स. आणि विंडसर्फ या कोडिंगचं एआय टूल करणाऱ्या कंपनीचा किस्सा तर तू ऐकलाच असशील, नसशील तर ऐक, कारण तो डिट्टो तुझाच आहे, फक्त आकड्यांवर शून्यं जास्त. चॅटजीपीटीवाली ओपनएआय त्यांना ३ अब्ज डॉलरला घेणार अशी बोलणी चालली होती, ती फिसकटली, आणि ११ जुलै २०२५ ला, तो पण शुक्रवारच, कळलं की सीईओ वरुण मोहन, को-फाउंडर डग्लस चेन आणि रिसर्चची निवडक माणसं गुगलला चाललीत, लायसन्स धरून सौदा साधारण २.४ अब्जांचा. बाकीचे अडीचशेच्या आसपास लोक तिथेच. सोमवारी कॉग्निशन नावाच्या कंपनीने उरलेली विंडसर्फ विकत घेतली, सगळ्यांना वाटा मिळेल असं जाहीर केलं, टाळ्या पडल्या, आणि तीन आठवड्यांत तीसेक जणांना काढून बाकीच्यांना सांगितलं की आमच्या तासांवर काम जमत नसेल तर नऊ महिन्यांचा पगार घ्या आणि सुटा. म्हणजे एका महिन्यात त्या लोकांनी तीन साहेब बघितले गं, गेलेला, हंगामी आणि नवा. तीन!

आता यात नक्की काय बदललं ते नीट समजून घे, कारण राग योग्य जागी यायला हवा.

पूर्वीची पंगत एकच होती. कंपनी विकली गेली तर आधी इन्व्हेस्टरला वाढायचे, त्यांचा तसा करारच असतो की आमचे पैसे पहिले, मग उरेल ते फाउंडरला आणि तुम्हाला, तुमच्या ताटात शेवटी पापडाचा तुकडा का होईना पडायचा, पण ताटं एका ओळीत होती. फाउंडरचा शेअर आणि तुझा शेअर एकाच भावाने विकला जायचा, म्हणून तो तुझ्यासाठी नाही तर स्वतःसाठी भाव वाढवायचा आणि तुझंही भलं व्हायचं. लॉयल्टी लॉयल्टी म्हणतात ती बरीचशी ही होती. आता घेणाऱ्या कंपनीला अख्खी कंपनी नकोच असते, कस्टमर नकोत, बाणेरचं ऑफिस नको, तिला पाच-सहा डोकी हवी असतात, शिवाय कंपनी विकत घ्यायची म्हटली की सरकारी परवानग्या, मक्तेदारीची चौकशी, महिनोन्महिने थांबणं, त्यापेक्षा लायसन्स घे आणि माणसं नोकरीला ठेव, झालं काम. मग फाउंडरला जे मिळतं ते नव्या नोकरीचं पॅकेज म्हणून मिळतं. ते त्याचं वैयक्तिक, त्यात तुझा वाटा नाही. यजमानाचं ताट माजघरात गेलं आणि पंगत बाहेर बसलेलीच आहे.

त्यामुळे तो माणूस २०१९ पासून तुला खोटंच बोलत होता असं मला वाटत नाही, फॅमिली म्हणताना त्याला तसं वाटतही असेल. फक्त ते खरं ठेवायला त्याला काही बांधलेलं नव्हतं, आणि सहा आकडी डॉलर समोर आले की नुसतं वाटणं किती टिकतं ते आपण बघतोच. त्याने चार जण निवडले ना, ती यादी करताना तुझं नाव त्याच्या डोक्यात आलं असणार, आणि त्याने ते खोडलं असणार. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुला हे माहीत आहे, तू पत्रात लिहिलं नाहीस एवढंच.

बरं, दुसरी बाजू पण सांगते नाहीतर मी नुसती तुझी मैत्रीण होईन, सल्ला देणारी नाही. सोडून जाणं हे काही पाप नाही आणि नव्हतं. १९८१ मध्ये पुण्यातच नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडले आणि सुधा मूर्तींच्या १० हजार रुपयांवर इन्फोसिस काढली, त्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, कोणी म्हणत नाही की पटनीचं मीठ विसरले. पण फरक बघ, मागे राहिले त्यांची कंपनी तशीच होती, मालक तिथेच बसलेला होता, पगार चालू होता, पटनी पुढे २०११ पर्यंत टिकली. जाताना हे लोक स्वतःला घेऊन गेले. तुमचा फाउंडर जाताना कंपनीचं डोकं घेऊन गेला आणि धड तुमच्यावर सोडून गेला.

आणि आपण तरी काय कमी केलंय? २०२२ आठव. इन्फोसिसची अॅट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, एप्रिल-जून तिमाहीत २८.४ टक्के होती, टीसीएसचीही वीसच्या आसपास, एचआरमधली माझी एक मैत्रीण तेव्हा रडकुंडीला आलेली, लोक एक ऑफर लेटर दाखवून दुसरं घ्यायचे, दुसरं दाखवून तिसरं, आणि जॉइनिंगच्या दिवशी सकाळी फोन स्विच ऑफ. लॅपटॉप कुरिअर झालेला असायचा, माणूस गायब! मग हवा फिरली. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२ हजार लोक कमी केले, पंधरा-वीस वर्षांच्या लोकांना सकाळी लॉगिन होईना तेव्हा कळलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने २ टक्के म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पोस्टवरची. टीसीएस गं, जिथे मुलगा लागला की आयटीतली सरकारी नोकरी म्हणून लग्नाच्या स्थळांमध्ये मार्क वाढायचे. कोणी आधी सोडलं यावर भांडण्यात अर्थ नाही. पोरांनी कंपन्यांकडून शिकलं, कंपन्यांनी पोरांकडून शिकलं.

आता तुझ्या बाबांचं. त्यांना उलट उत्तर देऊ नकोस, त्यांचं खोटं नाहीये, त्यांच्या काळापुरतं खरं आहे. पण एक दिवस चहा घेताना त्यांना १९८९ विचार. टेल्कोचा संप, कामगार नेते राजन नायर, शनिवारवाड्यावरचं उपोषण, रात्रीत पोलिसांनी उचललेले हजारो कामगार. ते कुठल्या बाजूला होते मला माहीत नाही, पण त्या काळातले जे जे पिंपरी-चिंचवडकर मला भेटलेत त्यांच्याकडे सांगायला काहीतरी आहेच. म्हणजे मीठ खाऊन गप्प बसायचे असं नव्हतं बरं का. बाबांची निष्ठा कशावर उभी होती ते बघ, युनियनचे करार, पीएफ, कँटीन, कंपनीची बस, ग्रॅच्युइटी, आणि उद्या साहेब बदलला तरी यातलं काही बदलणार नाही ही खात्री. ते कंपनीला धरून होते कारण कंपनीने त्यांना कागदावर धरून ठेवलं होतं. तुला काय धरून होतं? फ्रायडे बिअर आणि "तू तर पिलर आहेस".

आणि मिठाचंच म्हणशील तर २०२० मध्ये तुझा ३० टक्के पगार कापला तेव्हा मीठ त्याने तुझं खाल्लंय. ते बिनव्याजी कर्ज होतं, तू कंपनीला दिलेलं. परत मिळालं का? पत्रात नाहीये, म्हणजे नसणार.

मी पण हे सगळं केलंय, म्हणून तर एवढ्या तोऱ्यात सांगतेय. २००१ ची गोष्ट, डॉटकॉमचा फुगा फुटलेला, मी सेनापती बापट रोडवरच्या एका छोट्या कंपनीत. मालक इतका चांगला की दुपारी सगळ्यांचे डबे एका टेबलावर, माझ्या लग्नात तो आणि त्याची बायको हळदीपासून हजर. तीन महिने पगार नाही, तरी मी जातेय, रिक्षाचे पैसे नवऱ्याकडून घेऊन. आमच्यातला एक जण दुसऱ्याच महिन्यात पेपर टाकून गेला, त्याला मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर गद्दार म्हणाले. एका सोमवारी गेलो तर शटरला कुलूप, आणि मालकाचा फोन लागेना. मला पुढची नोकरी कोणी लावून दिली असेल? त्याच गद्दाराने. एक अक्षर बोलला नाही त्या दिवसाबद्दल, मीच आजही त्याच्यासमोर चहा पिताना कपात बघते. तर ते असो.

आता कामाचं, वही घेऊन बस.

ग्रॅच्युइटी. तुझी पाच वर्षं कधीच झालीत, दहाहून जास्त माणसं आहेत, कायदा लागू. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा महिन्याचा पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. समजा हा पगार ६० हजार आणि सहा वर्षं धरली तर २ लाख ७ हजारांच्या घरात जातं. हे पैसे कंपनीच्या खात्यात रोकड आहे तोवरच सहज मिळतात, सहा महिन्यांनी कंपनी बसली तर हक्क राहतो पण मागे धावावं लागतं. "सहा महिने थांब" ची ही एक किंमत आहे, ती सीईओ तुला सांगणार नाही.

ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने पुढे घ्यायचा हक्क, ऑप्शन. इथे मी तुला थोडं रागावणार आहे. सहा वर्षांत ग्रँट लेटर एकदा तरी शेवटपर्यंत वाचलंस का? बघ, नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला, म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायला, किती दिवस आहेत, बऱ्याच ठिकाणी ९० दिवस असतात, काही ठिकाणी त्याहून कमी, काही भल्या कंपन्यांत काही वर्षं. आणि हे लक्षात ठेव की व्हेस्ट झालेलं, म्हणजे मुदत भरून तुझ्या हक्काचं झालेलं, ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. जोवर पैसे भरून एक्सरसाइज केलं नाहीस तोवर तू शेअरहोल्डर नाहीस, लायसन्सचे जे पैसे कंपनीत आले असतील ते उद्या डिव्हिडंड म्हणून वाटले तर तुला त्यातला छदाम मिळणार नाही. म्हणून आधी लेखी विचार, मेलवर, सभ्य भाषेत: लायसन्सची रक्कम किती, कंपनीच्या खात्यात किती आली, बोर्ड तिचं काय करणार, ऑप्शनवाल्यांसाठी काही ठरलंय का. तोंडी उत्तर आलं तर "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून तेच परत मेल कर.

आणि घाईघाईत भावनेने एक्सरसाइज करू नकोस बाई! आपल्याकडे एक्सरसाइज केलं की शेअरची त्या दिवशीची किंमत आणि तू भरलेली किंमत यातला फरक पगार समजून टॅक्स लागतो, शेअर विकता आला नाही तरी. ठरावीक सर्टिफिकेट असलेल्या स्टार्टअपना हा टॅक्स पुढे ढकलता येतो पण नोकरी सोडलीस की तो भरावाच लागतो, म्हणजे तुझ्या केसमध्ये ती सवलत असून नसल्यासारखी. अनलिस्टेड कंपनीची किंमत मर्चंट बँकर ठरवतो आणि तो रिपोर्ट १८० दिवसांपेक्षा जुना चालत नाही. आता डोकं ताळ्यावर ठेवून विचार कर, मागचा रिपोर्ट फाउंडर असतानाचा, भाव चढलेला असणार. आज कंपनीत फाउंडर नाही, एमएल टीम नाही. जुन्या भावावर टॅक्स भरून भुताचे शेअर घ्यायचे का? नवा रिपोर्ट कधी होणार ते विचार, आणि एखाद्या सीएला दोन हजार देऊन तासभर बस, मी सीए नाही.

नोटीस पिरियड लेटरप्रमाणे दे, केटी, म्हणजे कामाची माहिती पुढच्या माणसाला, नीट दे, रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय तिकडे बसू नकोस. स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही वगैरे क्लॉज दाखवून घाबरवलं तर घाबरू नकोस, नोकरी संपल्यानंतर असली बंदी १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम २७ पुढे आपल्याकडे टिकत नाही. कोड आणि कस्टमरची माहिती मात्र नेऊ नकोस, तिथे टिकतं.

सीईओबद्दल. मला त्या माणसाची दया येते, त्यालाही शुक्रवारीच कळलं असेल. पण "मग तुझं बघू" हे वाक्य तू या आधी सहा वर्षं ऐकलंयस, फक्त आवाज वेगळा होता. तुला थांबायचंच असेल, म्हणजे खरंच मनातून, तर त्याला सांग की थांबण्याबद्दलचा रिटेन्शन बोनस लेखी द्या, अर्धा आत्ता खात्यात, अर्धा सहा महिन्यांनी, आणि मधे तुम्ही काढलं तरी उरलेला मिळेल असं त्यात लिहा. दिलं तर विचार कर. तो "विश्वास नाही का" म्हणाला तर तुला उत्तर मिळालं. माझं मत विचारशील तर खराडी. तिथेही कोणी तुझं सख्खं नाहीये, जीसीसी पण अमेरिकेतल्या कोणाच्या तरी एक्सेल शीटवरची एक ओळ असते, पण तिथे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ते माहीत असतं, फॅमिली म्हणायची कोणाला गरज पडत नाही, आणि तुला सध्या तसली एक कोरडी जागा बरी.

आता ती तीन पोरं.

"मी पण त्याच्यासारखीच ना?" नाही. त्याने जाण्याबद्दल मी त्याला एवढी नावं ठेवत नाहीये, कधीपासून माहीत होतं आणि कधी सांगितलं यावर ठेवतेय. लायसन्सचा करार एका आठवड्यात होत नाही, वकील असतात, ड्राफ्ट असतात, म्हणजे काही महिने तरी तो रोज तुमच्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगला येऊन पुढच्या क्वार्टरचा प्लॅन विचारत होता. त्या काळात कोणी घराचं बुकिंग केलं असेल, कोणी ऑफर नाकारली असेल. तू तसं करणार असशील, म्हणजे पोरांना "सगळं ठीक आहे रे, काम करा" सांगत एलडब्ल्यूडीच्या (कामाच्या शेवटच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी केक कापणार असशील, तर हो, मग तशीच.

नसशील तर हे कर. पेपर टाकलास की त्याच संध्याकाळी, एचआरच्या मेलच्या आधी, तिघांना ऑफिसबाहेर घेऊन जा, मिसळ खायला ने नाहीतर टपरीवर, आणि सांग की मी चालले. का चालले ते सांग. कंपनीच्या गुप्त गोष्टी सांगायची गरज नाही, तू स्वतःसाठी काय काय विचारलंस ते सांग, ग्रॅच्युइटी, ऑप्शनची मुदत, व्हॅल्युएशन रिपोर्ट, आणि तेच प्रश्न त्यांनी आपापले विचारायचे. त्यांची पाच वर्षं झालेली नसणार, तर त्यांचं गणित वेगळं आहे हेही सांग. लिंक्डइनला तिघांना चांगलं रेकमेंडेशन लिही, नोटीस पिरियडमध्येच, नंतर राहून जातं. त्यांना लगेच तुझ्यामागे खराडीला ओढू नकोस, एकतर तुझ्या जुन्या लेटरमध्ये तसा क्लॉज असू शकतो, आणि दुसरं म्हणजे चार जण निवडून नेणारी अजून एक कशाला. त्यातला कोणी स्वतःहून विचारेल, त्याला पगार, तास, मॅनेजर जे काय आहे ते खरं सांग.

एखादी पोरगी रडेल. एखादा तुला कँटीनमध्ये काहीतरी बोलेल, माझ्यासारखं. ऐकून घे.

आणि फाउंडरचा तो "सॉरी यार, एकदा बोलू". बोलायचं तर बोल, त्याला कुठेतरी टोचतंय म्हणूनच आलाय तो मेसेज. पण मी तुझ्या जागी असते तर आधी फुल अँड फायनल, म्हणजे कंपनीकडचा शेवटचा सगळा हिशेब, खात्यात जमा होऊ दिलं असतं.